बाहीची चार बोटं

या स्वेटरातून भागीरथाबाईला काय काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ. एक खुर्ची. साधीसुधी नाही, हातांची. जबलपूरजवळच्या खमरियाच्या महिला समितीच्या विणकाम वर्गात ती खिडकीशी ठेवलेली असे, वेताची, आणि तिचे दोन्ही हात जुन्या मास्टरनीच्या कोपरांनी घासून घासून काचेसारखे झालेले. खुर्चीबरोबर लोकरीच्या कपाटाची किल्ली. किल्लीबरोबर ‘मास्टरनीजी’ हे नाव, जे ऐकून बसचा कंडक्टरसुद्धा पुढची सीट मोकळी करतो. आणि या सगळ्याच्या वर, थोरल्या भावजयीला द्यायला एक उत्तर.

ते उत्तर सतरा वर्षं थकलेलं होतं. राज्यं नव्यानं आखली तेव्हा नागपूर तिकडे गेलं, जबलपूर इकडे राहिलं, आणि भागीरथाबाईचे तिन्ही भाऊ तिकडच्या बाजूला पडले. तेव्हापासून दर साली दीक्षाभूमीवर गाठ पडली की भावजय पदर सावरत विचारायची, “मंग? तिकडे हिंदीत काय करून राहिल्या तुम्ही?” यावर ‘स्वयंपाक’ म्हणून भागत नाही. ‘मास्टरनी झाली’ म्हटलं की भागतं.

बदल्यात द्यायचं होतं एवढंच, की सव्वीस जानेवारीच्या प्रदर्शनात एक मर्दानी स्वेटर मांडायचा, पूर्ण बाह्यांचा. ज्या बाईचा सरस, वर्ग तिचा. स्वेटर मात्र नमुना म्हणून वर्षभर समितीच्या काचेच्या कपाटात राहणार. वरवर पाहता सौदा स्वस्त होता. गोम होती ती त्या ‘पूर्ण बाह्यां’त.

कारण भागीरथाबाईनं उभ्या जन्मात स्वेटरला बाही जोडली नव्हती.

हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसण्याची व्यवस्था तिनंच केली होती. ती विणायला शिकली चीनच्या लढाईच्या साली. तेव्हा खमरियात बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणायला घेतले होते. काम वाटून दिलेलं. एका सतरंजीवर पाठी, दुसरीवर छातीकडचे पुढे, तिसरीवर बाह्या, आणि जोडणी एकटी मास्टरनी करायची. भागीरथाबाई पाठीच्या सतरंजीवर बसली, नंतर पुढच्या. तिचा हात असा धावायचा की दोन दिवसांत एक धड उतरायचं. तीन महिन्यांनी ती घमापूरला घरी बसून विणायला लागली तेव्हा तिच्याकडे धडाची विद्या पुरेपूर होती आणि हातांची अजिबात नव्हती.

दुसरी कोणी असती तर शिकून घेती. भागीरथाबाईनं तत्त्व काढलं.

“हाताले काय थंडी?” ती गल्लीत सांगायची. “हात हलत राहते. जे हलते त्याले थंडी नाही वाजत. थंडी बसते छातीत. आणि दोन बाह्यांले चार लच्छ्या लोकर जाते, ते वेगळंच. काहून घालवायची?”

एवढं ठासून सांगितलेलं कोण खोडून काढणार? अकरा हिवाळे घमापूरची ती गल्ली भागीरथाबाईचे हाफ स्वेटर घालून हिंडली. आणि कोणी फार कुरकुर केलीच, तर तिच्यापाशी चालताबोलता पुरावा होता. बोलता नाही, चालता. तिचा नवरा, डोमाजी.

डोमाजी खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत फिटर. पौष असो, माघ असो, सकाळी सव्वासहाला सायकल काढायचा आणि हाफ स्वेटरात पाऊण तास पायडल मारत जायचा. “पाहा आमच्याइकडे,” भागीरथाबाई म्हणायची. “एका अक्षरानं म्हटलं का थंडी वाजते?”

म्हटलं नव्हतं हे खरं. पण डोमाजीनं दुसरंही काही म्हटलेलं कोणाला आठवत नव्हतं. नोकरीला लागताना त्याच्याकडून कागदावर सही घेतली होती, की आत जे चालतं ते बाहेर बोलायचं नाही. चोख माणूस. त्यानं तो कागद सगळ्या आयुष्यालाच लावून टाकला. तीस वर्षांत तो गेटच्या आत नेमकं काय करतो हे बायकोलाही कळलं नाही, आणि तिनंही एकदोनदा विचारून नाद सोडला. तिच्या मनातल्या वहीत डोमाजीच्या नावापुढं दोनच उपयोग लिहिलेले होते. मटार सोलणे, आणि लच्छीचा गोळा करताना दोन्ही हात पुढे करून ती धरणे. गल्लीभरातली सगळी लोकर आधी डोमाजीच्या हातांवरून उतरायची, मग भागीरथाबाईच्या सुयांवर चढायची.

समितीच्या सेक्रेटरी इंदिराबाई मात्र तरबेज बाई. जुन्या मास्टरनीच्या नवऱ्याची बदली झाली, वर्ग रिकामा झाला, तेव्हा परीक्षेचं वाचून दाखवताना त्यांनी चष्म्यावरून भागीरथाबाईकडेच पाहिलं.

“पूर्ण बाह्यांचा बरं का, भागीरथाबाई. तुमच्या स्वेटरांचे हात कुठं राहतात हो? नागपूरला?”

वर्ग हसला. भागीरथाबाईही हसली, आणि घरी जाताना बाटलीच्या रंगाची हिरवी लोकर घेऊन गेली.

पाठ आणि पुढा अकरा दिवसांत झाले. बाह्या नऊ दिवसांत, कारण बाही विणणं तसं काही अवघड नाही. मनगटापासून टाके वाढवत जायचे, काखेपाशी आलं की दोन्हीकडून घटवत बाहीचं डोकं गोल करायचं. चारी तुकडे तिनं खाटेवर मांडले तेव्हा वाळत टाकलेल्या माणसासारखे दिसले. आता उरलं काय? शिवण. चार हात दोरा, मोठ्या नेढ्याची सुई, आणि एक दुपार.

खांदे जोडले, कुशी आणि बाह्या लांबीनं शिवल्या. मग काखेतून सुरुवात करून ती मुंढ्याच्या कडेनं बाही शिवत निघाली. वर गेली, खांद्यावरून वळली, पलीकडून खाली आली, पुन्हा काखेत पोचली. मुंढा संपला. बाही संपली नव्हती. चार बोटं उरली होती.

तिनं उसवलं आणि दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. चार बोटं दुसऱ्या टोकाला उरली.

वरून सुरुवात करून दोन्हीकडे उतरली, तर दोन बोटं इकडे उरली आणि दोन बोटं तिकडे. हिशोब जमत होता. स्वेटर जमत नव्हता.

मग तिनं ती चार बोटं खांद्यावर चुण्या घालून बसवली. खांदा वरातीतल्या बँडवाल्यासारखा उभा राहिला. मुंढा ओढून मोठा केला, तर काखेत वटवाघळाचा पंख लोंबायला लागला. सहाव्या खेपेला बाही सुरेख बसली. तिनं कौतुकानं आत हात घातला. हात गेला आणि थांबला. तिनं पलीकडची कडही याच शिवणीत धरली होती. बाहीचं तोंड बंद.

उसवणं तर शिवण्याहून कठीण. दोरा हिरवा, लोकर हिरवी. शिवण कुठली आणि वीण कुठली ते दिव्य दृष्टीलाच कळावं. त्या खेपेला तिनं शिवण समजून धडाचाच टाका कापला. तो टाका सुटला आणि शिडीवरून उतरावं तसा सात ओळी खाली धावत गेला. आकड्यानं त्याला एकेक ओळ वर चढवून आणेपर्यंत दुपार गेली. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं. डोमाजी ताट पुसून जेवला.

दुसऱ्या दिवशी भागीरथाबाई धड आणि दोन्ही बाह्या पिशवीत घालून दीक्षितपुऱ्यात टिकाराम दर्जीकडे गेली. इतक्या लांब मुद्दाम. घमापूरच्या दर्जीला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं असतं.

टिकारामनं बाही उलटसुलट करून पाहिली. “भाभीजी, ये कपड़ा होता तो मैं कैंची चला देता. इसमें कैंची लगी ना, तो पूरा स्वेटर उठके वापस ऊन की दुकान पे चला जाएगा.”

“मशीन मार दो भैया, हलके से.”

“मशीन इसको खींच के रस्सी बना देगी. ये हाथ का काम है, हाथ वाले से कराओ.” आणि पिशवी परत देता देता त्यानं डोळे बारीक केले. “पर आप घमापुर वाली हो ना? आपके यहाँ तो हाफ ही चलता है. ये किसको ठंड लग गई?”

म्हणजे तिचं तत्त्व दीक्षितपुऱ्यापर्यंत पोचलेलं होतं. एरवी तिला आनंद झाला असता.

रविवार उजाडला. प्रदर्शनाला सहा दिवस. अंगणात ऊन आलं होतं. डोमाजी भिंतीला टेकून मटार सोलत होता, भागीरथाबाई चटईवर बसून आठव्यांदा काखेतून निघाली होती. खांद्यापर्यंत पोचली आणि तिला पुढचं सगळं दिसलं. पलीकडून उतरणं, काख, आणि ती चार बोटं. तिनं सुई लोकरीत खुपसली आणि स्वेटर मांडीवर आपटला.

“फिरून फिरून काहून शिवून राहिली?”

भागीरथाबाईनं दाराकडे पाहिलं, कोण आलं म्हणून. कोणी नव्हतं.

“तुम्ही बोलले का?”

“गोल गोल काहून जातं म्हटलं.” डोमाजीनं एक शेंग चिरडून दाणे वाटीत टाकले.

“मुंढा गोल आहे. गोल नाही जाऊ तं काय चौकोनी जाऊ?”

“आमने-सामने जा.”

“बाप्पा! फिटरसाहेब स्वेटर शिवते आता!” ती म्हणाली. “चार बोटं बाही जास्त आहे. आमने-सामने जाऊन ते कमी होते का? लोकर आहे, मटार नाही, का एक दाणा तोंडात टाकला न् झालं.”

डोमाजीनं खरोखरच एक दाणा तोंडात टाकला. मग उठला. नळावर गेला, साबणानं हात धुतले, गमछ्याला पुसले, पुन्हा धुतले. येऊन चटईवर बसला आणि स्वेटर मागितला. मागितला म्हणजे हात पुढे केला. लच्छी धरायला करायचा तसाच.

“खराब नका करू,” भागीरथाबाई म्हणाली, पण दिला. आठव्या खेपेला माणूस कोणालाही देतो.

डोमाजीनं आधी तिची सगळी शिवण काढली. दोरा ओढून बघितला नाही, कापला नाही. अंगठ्याचं पेर मुंढ्याच्या कडेवरून फिरवत गेला, आणि जिथं शिवणीचा दोरा होता तिथं पेर थांबायचं. डोळे अर्धे मिटलेले. तिला उन्हात धरूनही न दिसणारा दोरा या माणसाला न पाहता सापडत होता.

“पिना दे. सेफ्टीपिना.”

तिनं बांगडीतल्या चार काढून दिल्या.

“अजून.”

पदराची एक, पोलक्याची एक. सातवी दाराच्या पडद्याची. आठवी त्याच्याच पायजम्याच्या नाडीजवळून निघाली.

पहिली पिन त्यानं बाहीच्या डोक्याच्या मधोमध लावली, खांद्याच्या शिवणीवर. दुसरी लगेच शेजारी लावेल असं तिला वाटलं. त्यानं स्वेटर फिरवला आणि दुसरी थेट समोर लावली, काखेत. तिसरी पुढच्या अंगाला अर्ध्यावर, चौथी तिच्या समोर पाठीकडे. मग प्रत्येक दोहोंच्या मध्ये एकेक. एक इथं, एक समोर. आठ पिना, आठ खिडक्या. प्रत्येक खिडकीत बाही किंचित फुगलेली, तव्यावरचा फुलका नुकता उचलायला लागतो तेवढी.

“हे पाह्य,” डोमाजी म्हणाला. “तुझी चार बोटं. आता एकेकीच्या वाट्याले अर्धं बोट.”

“अर्धं तं अर्धं. दिसनच ना ते!”

तो हसला की काय, ते मिशीमुळं कळलं नाही. सुई घेतली. शिवतानाही तो एका बाजूनं गेला नाही. एका खिडकीत दोन टाके सैल घातले, स्वेटर फिरवला, समोरच्या खिडकीत दोन टाके सैल घातले, पुन्हा फिरवला. अंगठ्यानं फुगवटा दाबायचा, वाफ जिरवावी तसा.

“सैल काहून?”

“पहिल्या फेरीत कसायचं नाही. एक बाजू कसली का दुसरी उचलते. सगळे आपापल्या जागी बसू द्यायचे, मंग थोडे थोडे कसायचे. आमने-सामने. झाकण असंच बसते.”

“कशाचं झाकण?”

डोमाजीनं दोरा ओढला.

“झाकण,” तो म्हणाला.

भागीरथाबाई जवळ सरकली. ती त्याच्या हातांकडं पाहत होती. जाड बोटं, नखांच्या कडेला ती काळी रेघ, जी कुठल्याच साबणानं जात नाही. हे हात तिनं रोज पाहिले होते, पण नुसते पुढं केलेले, वर लच्छी ठेवायला. ते काम करताना तिनं कधी पाहिलेच नव्हते. बोटं चालत असताना बाकीचा डोमाजी दगडासारखा स्थिर होता, श्वाससुद्धा टाक्याच्या अधेमधे घेत होता, आणि सुई लोकरीत शिरताना लोकर हलत नव्हती. ज्या कामात हात चुकला तर माणूस जातो, अशा कामाचे हात ते. तीस वर्षं गेटच्या आत जे होत आलं आणि ज्याचा एक शब्द कधी बाहेर आला नाही, ते तिच्या अंगणात, चटईवर, मटाराच्या साली पडल्या होत्या तिथं होत होतं. तिला एकदम वाटलं की आपण बघू नये. आणि नजर निघेना.

दुसऱ्या फेरीत त्यानं टाके कसले. पिना काढल्या, मोजून आठ, आणि तिच्या तळहातावर ठेवल्या. स्वेटर उलटा केला, सुलटा केला, आणि दिला.

खांद्यावरून बाही अशी उतरत होती की जणू सुईवरून उतरतानाच ती तिथं होती. चुणी नाही, फुगा नाही. भागीरथाबाईनं शिवण बोटानं चाचपली. आतून पाहिली. उन्हाकडे धरली. ही ती बाई, जिच्या घरातून अकरा वर्षांत लोकरीचं वीतभर टोक हरवलं नव्हतं. तिच्या डोळ्यांदेखत चार बोटं गेली होती.

“कुठं गेली?” तिनं हळू आवाजात विचारलं.

“कोण?”

“चार बोटं.”

“गेली नाही. सगळ्यायनं वाटून घेतली.”

लग्नानंतर पहिल्यांदा ती नर्मदेच्या ग्वारीघाटाला नावेत बसली होती तेव्हा असंच झालं होतं. नावाड्याचं वल्हं पाण्यात जायचं, बाहेर यायचं, आणि पाणी मागच्या मागं असं मिटायचं की शिवण सापडू नये. तेव्हा सगळी वाट ती पाण्याकडे बघत बसली होती. आज ती शिवणीकडे तशीच बघत बसली. घमापूरच्या गल्लीनं हे पाहायला हवं होतं.

दुसरी बाही तिनं स्वतः लावली. डोमाजी पुन्हा मटाराकडे वळला होता, पण ती शेजारच्या खिडकीकडे सुई नेऊ लागली की न पाहता म्हणायचा, “समोर.” एकदा उसवावी लागली. दुसऱ्यांदा बसली. त्याच्या बाहीइतकी? साधारण माणसाला फरक कळला नसता.

“घाला पाहू.”

डोमाजीनं स्वेटर घातला आणि दोन्ही हात पुढे करून उभा राहिला.

“अवो, हात खाली करा! लच्छी नाही द्यायची आता.”

त्यानं हात खाली केले, आणि मान वाकवून आधी डावी बाही पाहिली, मग उजवी. उरलेले मटार त्यानं तो स्वेटर घालूनच सोलले. ऊन अंगणातून गेलं तेव्हा काढला, घडी केली, घडीवर हात ठेवला.

“गरम आहे,” म्हणाला.

“लोकर आहे तं गरम राहीनच ना,” भागीरथाबाई म्हणाली, आणि स्वेटर ट्रंकेत ठेवला.

सव्वीस जानेवारीला डोमाजीनं तिला कॅरियरवर बसवून खमरियाला नेलं. प्रदर्शनात स्टँडवर सात स्वेटर लटकले होते. फॅक्टरीच्या मोठ्या साहेबांची बायको, बडी मेमसाब, आल्या, एकेका स्वेटराच्या काखेत बोट घालत गेल्या. विणकाम जाणणारी बाई नक्षी बघत नाही, काख बघते. हिरव्या स्वेटरापाशी त्या थांबल्या. बोट फिरवलं, बाही उलटी केली, पुन्हा फिरवलं.

“ये बाँह तो बैठ गई है,” त्या म्हणाल्या. “जोड़ कहाँ है?”

आणि झालं. टाळ्या वाजल्या, किल्ली हातात पडली. खिडकीशी ती खुर्ची दोन्ही हात पसरून उभी होती. भागीरथाबाईनं मनातल्या मनात भावजयीला पत्र लिहायला घेतलं.

तेवढ्यात इंदिराबाई कानाशी आल्या.

“अभिनंदन हो. चला, भाऊजींच्या मोज्यांना आता पेन्शन मिळाली म्हणायची.”

“कोणते मोजे?”

“आता माझ्यापाशी काय लपवता?” इंदिराबाई हसल्या. मग भागीरथाबाईचा चेहरा पाहून हसायच्या थांबल्या. “अहो, सायकल स्टँडवर आमच्या ह्यांची सायकल त्यांच्या शेजारीच असते ना. सगळं गेट त्यांना मोजेमास्टर म्हणतं. लष्करी लांब मोजे, पंजे कापलेले. हातांत चढवून येतात, स्टँडवर काढतात, घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवतात. मला वाटलं तुम्हीच कापून दिले. लोकर वाचवायला.”

भागीरथाबाई बाहेर गेली. डोमाजी सायकलपाशी उभा होता, हाफ स्वेटरात, हात काखेत दाबून. हँडलला नेहमीची डब्याची पिशवी तशीच होती. तिनं तीत हात घातला. डब्याखाली दोन खाकी नळ्या सापडल्या. कापलेल्या कडा आत मुडपून शिवलेल्या होत्या. बारीक, एकसारखे टाके. तो हात आता तिला ओळखू येत होता.

“हे काय?”

“मोजे.”

“कधीपासून?”

“चायनाच्या पुढल्या सालापासून. हे तिसरी जोडी आहे.”

“न् मले दिसले नाही कधी?”

“घमापूर चौक ओलांडला का घालतो.” त्यानं सायकलची घंटी अंगठ्यानं पुसली. “येतानी चौकाच्या अलीकडे काढतो.”

“मले काहून नाही सांगितलं?”

“तू समद्या गल्लीत सांगून राहिली होती, हाताले थंडी नाही वाजत म्हणून. लोकं मलेच पाहत. मंग मी कसं सांगू, वाजते म्हणून?”

भागीरथाबाईनं मोजे पिशवीत ठेवले. आत गेली, सरळ प्रदर्शनाच्या स्टँडपाशी, आणि हिरवा स्वेटर काढून हातावर घेतला.

“अहो! अहो भागीरथाबाई!” इंदिराबाई धावल्या. “तो कपाटात राहणार. नियम आहे.”

“कपाटात कोण पाहते त्याले?” भागीरथाबाई म्हणाली. आवाज जरा चिरकला होता, तो तिनं सौद्याच्या सुरात घातला. मेमसाबकडे वळली. “मेमसाब, अलमारी में चालीस औरतें देखेंगी. आमच्याइकडच्यायच्या अंगावर राहिला तर रोज सुबह गेट पे पूरी फॅक्टरी देखेगी. नमूना चलता-फिरता अच्छा कि बंद?”

मेमसाबना अर्धं कळलं, पण जे कळलं त्यानं हसू आलं. “बात तो हिसाब की है. लेकिन नियम भी नियम है. क्लास आपकी. कुर्सी उस दिन, जिस दिन दूसरा नमूना अलमारी में आएगा. तब तक स्टूल.”

“दुसऱ्यालाही बाह्या लागतील,” इंदिराबाईंनी चष्म्यावरून आठवण दिली.

“लागू द्या,” भागीरथाबाई म्हणाली. “जोडता येते आता.”

परतताना डोमाजीनं पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातला होता आणि भागीरथाबाई मागं कॅरियरवर होती. खमरियाच्या रस्त्यावरचा वारा समोरून येत होता, म्हणजे डोमाजीवर येत होता. तिनं त्याच्या बाहीला धरलं, खांद्यापाशी, शिवणीवर, आणि सवयीनं हिशोब मांडायला घेतला. घमापूरपर्यंत पाऊण तास होताच.

तिला मिळालं ते वर्ग, किल्ली, स्टूल आणि भावजयीचं उत्तर. खुर्ची पुढच्या स्वेटरावर. अकरा वर्षांत डोमाजीला चार स्वेटर विणले, दरेकी चार लच्छ्या बाही न केल्यानं वाचल्या, सोळा लच्छ्या. त्या वाचवल्या भागीरथाबाईनं. अकरा हिवाळे, हिवाळ्याला ऐंशी तरी गारठ्याच्या सकाळी, सकाळी पाऊण तास. ते भरले डोमाजीनं. मोज्यांनी त्यातलं बरंचसं भागलं असेल, तेवढं वजा. घरापासून चौकापर्यंतची पाच मिनिटं मात्र मोज्यांशिवायची, नुसत्या सदऱ्याच्या बाहीत, गल्लीनं पाहावं म्हणून. ती वजा होत नव्हती. तीही डोमाजीनंच भरली होती, तिच्या नावावर.